लिफ्ट केल्यावर गाडी भटकते, अलाइनमेंट केलं की दोन दिवस बरं, मग परत तेच

जिप्सी असो, जुनी थार असो नाहीतर जिम्नी, तक्रार ठरलेली असते. दोन इंच लिफ्ट टाकली, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच केली, टायर मोठे टाकले, गाडी दिसायला एक नंबर झाली, अन् वर्धा रोडला साठ-सत्तरच्या वर गेलं की स्टीअरिंग हातात राहत नाही, सारखं डावीकडून उजवीकडे सावरत बसावं लागते, वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, अन् बाजूने ट्रक गेला की गाडी हलते. मग अलाइनमेंटवाल्याकडे जायचं, तो मशीन लावतो, स्क्रीनवर हिरवं दाखवतो, पैसे घेतो, अन् आठवड्यात गाडी पुन्हा तशीच चालून राहिली असते. मग मालक म्हणतो अलाइनमेंटवाला चोर आहे. चोर नसते तो बहुतेक वेळा. ज्या गोष्टीत बिघाडच नव्हता ती गोष्ट तो अ‍ॅडजस्ट करून देतो, एवढंच.

हे नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाते. पुढे सॉलिड एक्सल असलेल्या गाडीत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर असतात तिथे, दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड एका नकलपासून (चाकासोबत वळणारा भाग) दुसऱ्या नकलपर्यंत एक्सलच्या सोबतच असतो. तुम्ही गाडीची बॉडी अन् चेसिस वर उचलली, एक्सल होता तिथेच आहे, टाय रॉडला लिफ्टचा पत्ताही लागत नाही. म्हणजे लिफ्टमुळे टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, बिघडायचं तसं काही कारणच नाही. बिघडते काय तर कास्टर (चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचा मागचा झुकाव), अन् ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंग बॉक्सकडून नकलकडे जाणारा रॉड) अँगल, अन् कॉइल स्प्रिंगवाल्या गाडीत एक्सलला बाजूला धरणारा पॅनहार्ड रॉड. अन् अलाइनमेंटच्या दुकानात अ‍ॅडजस्ट होते काय? टो. कास्टरचा आकडा स्क्रीनवर लाल दिसत असला तरी पोरगा म्हणते "ह्यात अ‍ॅडजस्टमेंट नसते भाऊ". खरंच आहे ते, कंपनीने दिलीच नाही. पण अ‍ॅडजस्टमेंट नाही म्हणजे दुरुस्ती नाही असं नसते. आधी त्याच्याकडून प्रिंट मागा, अन् टोच्या ओळीकडे न बघता कास्टरची ओळ बघा. प्रिंटवर कास्टर कोरा असेल तर त्याने चाकं डावी-उजवी वळवून मोजमाप घेतलंच नाही, ते पुन्हा करायला लावा.

आधी लक्षणं वेगळी करा

सगळं एकाच नावाखाली "स्टीअरिंग खराब" म्हणून सांगितलं की कोणताच मेकॅनिक नीट सांगू शकत नाही. वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही, स्पीडला गाडी तरंगल्यासारखी वाटते, हे कास्टरचं काम. सपाट रोडवर बरी चालते पण खड्डा आला, ब्रेक मारला की एका बाजूला झटका देते, हे ड्रॅग लिंकचं. गाडी सरळ चालते पण स्टीअरिंग व्हील तिरकं राहते, तर ती फक्त ड्रॅग लिंकच्या लांबीची गोष्ट आहे, तिच्यासाठी घाबरायची गरज नाही. अन् पन्नास-साठच्या स्पीडला सिमेंट रोडच्या जॉइंटवर चाक आपटलं की पूर्ण पुढचा भाग थडथड हलायला लागते अन् गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत थांबत नाही, ते वेगळंच प्रकरण, त्यात आधी ढिलेपणा शोधायचा.

अजून एक लक्षण सांगतो, ते फार कोणी लक्षात घेत नाही. मागे चार जण अन् सामान भरलं की गाडी मस्त सरळ चालते, रिकामी असली की भटकते. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर जाते, कास्टर थोडा वाढतो, म्हणून बरं वाटते. ताडोबा-पेंचच्या सफारी जिप्सीत हे दिसते, पर्यटक बसलेले असताना सगळं ठीक अन् रिकामी परत आणताना ड्रायव्हर शिव्या घालते. असं होत असेल तर समजायचं कास्टर काठावर आहे. ह्याच्या उलटही असते, फक्त मागचा भाग उचलला तर पुढचा कास्टर कमी होतो. लाँग व्हीलबेस जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, मागे ५० मिमी उचललं तर सव्वा डिग्रीच्या आसपास कास्टर गेला, अन् पुढे तर तुम्ही हातही लावला नाही.

ढिलेपणा पहिले, बाकी सगळं नंतर

ढिल्या गाडीवर जिओमेट्री मोजण्यात अर्थ नाही. चाकं जमिनीवर ठेवा, जॅक नको. एकाला आत बसवून स्टीअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला सांगा, पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, अन् तुम्ही बाजूने वाकून एकेक जॉइंटवर बोटं ठेवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळते, टाय रॉड एंडच्या दोन भागात फरक पडत असेल तर टकटक लगेच जाणवते. पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला हलवणारा हात), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, पॅनहार्ड रॉडचे बुश, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) अन् शॅकलचे (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) बुश, स्टीअरिंग बॉक्स चेसिसवर हलते का तेही. मग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, व्हील बेअरिंग अन् किंगपिन दोन्ही कळते. जिप्सीत किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंग अन् शिम (पातळ चकत्या) असतात, तिथला प्रीलोड (बेअरिंगचा घट्टपणा) गेला की थडथड हमखास येते. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी घातली की नकलच्या सीलमधून चिखल आत जातो, ग्रीस बाहेर येतो, अन् वर्षभरात बेअरिंग संपते. नकलच्या गोळ्यावर ग्रीस अन् माती मिळून काळा थर बसला असेल तर सील गेलंय.

इथे एक सावधगिरी. प्ले (ढिलेपणा) वाटला की काही मेकॅनिक स्टीअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू कसून देतात. थोडा कसला तर ठीक, जास्त कसला तर स्टीअरिंग मधोमध अडकते अन् वळणानंतर परत येत नाही, म्हणजे हुबेहूब कमी कास्टरचं लक्षण. मग माणूस कास्टर वाढवायला पाचर टाकते, पिटमन आर्म बदलते, अन् दोष त्या स्क्रूमधे असते. पुढची चाकं उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, मधात जड लागलं तर तिथेच थांबा.

अन् स्टीअरिंग डॅम्पर टाकून थडथड बंद झाली म्हणजे आजार बरा झाला असं समजू नका. डॅम्पर आजार झाकते, तो थकला की परत सुरू.

कास्टर

कास्टर म्हणजे किंगपिनचा वरचा भाग मागे किती झुकलाय ते. सायकलचा पुढचा फोर्क आठवा, तो सरळ उभा नसते, मागे झुकलेला असते, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीत तीच गोष्ट. झुकाव कमी झाला की चाकाला सरळ राहायची ओढ राहत नाही.

पाट्यांच्या गाडीत हा झुकाव कसा जातो ते लिफ्ट कशी केली त्यावर आहे. पूर्ण नवे पाटे टाकले, जास्त कमानीचे, अन् शॅकल कंपनीचेच ठेवले तर दोन्ही टोकं सारखीच उचलली जातात, कास्टर फारसा हलत नाही. पण स्वस्तात काम म्हणून लांब शॅकल टाकले तर पाट्याचं एकच टोक खाली जाते, पाटा तिरका होते अन् एक्सल त्याच्यासोबत फिरतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कास्टर कमी होतो अन् डिफरन्शियलचं पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतात ते टोक, वर जाते. शॅकल मागच्या टोकाला असेल तर उलट. तुमच्या गाडीत कुठे आहे ते आधी वाकून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

हिशोब सोपा आहे. समजा शॅकल ५० मिमी लांब टाकला, पाट्याची लांबी एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत ९०० मिमी आहे. ५० ला ९०० ने भागा, ५७.३ ने गुणा, आले ३.२ डिग्री. अशा गाड्यांत मूळचा कास्टरच सहसा तीन ते पाच डिग्रीच्या घरात असते, मग उरलं काय? अन् ह्या सगळ्यातून गाडी उचलली गेली किती, तर एकच इंच, काऊन की शॅकलच्या लांबीच्या अर्धीच लिफ्ट एक्सलवर मिळते. एका इंचासाठी तीन डिग्री घालवणं मला तरी पटत नाही. लांब शॅकलने लिफ्ट हा प्रकारच मला आवडत नाही, गाडी बाजूलाही डुलते, पण बजेट बजेट असते.

घरी मोजायचं असेल तर तेही होते. एक डिजिटल अँगल गेज लागते, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फोनचं लेव्हल अ‍ॅपही चालेल पण कव्हर काढून. सपाट फरशीवर गाडी घ्या, पुढच्या दोन्ही चाकांखाली दोन-दोन पत्रे ठेवा, मधात ग्रीस लावून, म्हणजे चाक फिरवताना टायर फरशीला धरत नाही. मागच्या चाकांखालीही तेवढ्याच जाडीचं काहीतरी द्या. ब्रेक दाबून धरा. चाक बाहेरच्या बाजूला २० डिग्री वळवा, रिमला उभं गेज लावून आकडा लिहा, मग आतल्या बाजूला २० डिग्री वळवा अन् तिथलाही आकडा लिहा. दोन्हीतला फरक गुणिले दीड म्हणजे कास्टर, साधारण. २० डिग्री फरशीवर खडूने आखून घ्या. मशीनही आतून हेच करते. दोन्ही चाकांचं मोजा, प्रत्येकी दोनदा, आकडे जुळत नसतील तर फरशी सपाट नाही.

इलाज म्हणजे पाचर. लोखंडी तिरकी पट्टी, पाटा अन् एक्सलच्या पॅडच्या मधात बसते. दोन, तीन, चार डिग्री अशा येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त मिळतात त्या घेऊ नका, दबतात, फुटतात, अन् मग यू-बोल्ट ढिला होते. जाड बाजू कुठे ह्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होते. पाटा एक्सलच्या खाली असेल, म्हणजे एक्सल पाट्यावर बसलेला, तर जाड बाजू पुढे, बंपरकडे. पाटा एक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागे. मनात एकदा चित्र काढा, किंगपिनचं डोकं मागे झुकायला पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं की चुकत नाही. दोन्ही बाजूला सारखीच पाचर, एकीकडे दोन अन् एकीकडे चार असलं काही करू नका, एक्सलचं हाउसिंग पिळलं जाते.

पाचर टाकताना सेंटर बोल्ट लांब लागते. बोल्टचं डोकं पॅडच्या भोकात नीट बसलं पाहिजे, नाहीतर पाट्यावर एक्सल मागेपुढे सरकते अन् मग जे भटकणं सुरू होते ते कोणत्याच अलाइनमेंटने जात नाही. यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेले परत वापरू नका.

पाचर म्हणजे फुकटातली दुरुस्ती नाही. कास्टर वाढवला की एक्सल फिरतो अन् पिनियन खाली जाते, पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (जॉइंटचा) अँगल वाढते. टू व्हीलमधे हब फ्री असताना, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटलेली असताना, कळत नाही, फोर व्हील लावून चाळीसच्या वर गेलं की खालून घरघर येते. म्हणून कास्टर एकदम पुस्तकातल्या आकड्यावर आणायच्या मागे लागू नका, गाडी सरळ चालेल अन् शाफ्ट कुरकुर करणार नाही असा मधला आकडा धरा. एका खेपेला दोन-तीन डिग्रीची पाचर टाका, चालवून बघा. चार डिग्रीच्या वर जावं लागत असेल तर लिफ्टच चुकीच्या पद्धतीने झाली आहे, पाटे बदला.

ड्रॅग लिंक अन् पॅनहार्ड

लिफ्टनंतर पिटमन आर्म वर गेला, नकल खाली राहिलं, मधली ड्रॅग लिंक तिरपी झाली. आता चाक वर-खाली झालं की लिंक नकलला ढकलते किंवा ओढते, अन् तुम्ही न वळवता गाडी वळते. तपासायला इंजिन बंद, चाकं सरळ, दोन धष्टपुष्ट माणसं पुढच्या बंपरवर उड्या मारायला उभी करा अन् स्टीअरिंग व्हीलकडे बघा. प्रत्येक उडीला व्हील थोडं फिरत असेल तर ड्रॅग लिंकचा अँगल जास्त आहे. इलाज म्हणजे ड्रॉप पिटमन आर्म, किंवा वाकवलेली ड्रॅग लिंक. पिटमन आर्म फोर्ज केलेलाच घ्या. लोकल दुकानात जुना कापून वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडून निघा, स्टीअरिंगच्या भागावर वेल्डिंग नको म्हणजे नको.

व्हील तिरकं असेल तर ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करा, व्हील काढून स्प्लाइनवर दुसरीकडे बसवू नका. तसं केलं की स्टीअरिंग बॉक्स मधोमध राहत नाही, एका बाजूला कमी वळते, अन् जिम्नीसारख्या ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी सिस्टीम) असलेल्या गाडीत स्टीअरिंग सेन्सरला वाटते तुम्ही वळण घेऊन राहिले, डॅशबोर्डवर दिवा लागते.

जिम्नीत पुढे-मागे कॉइल स्प्रिंग अन् सॉलिड एक्सल आहे, म्हणून पॅनहार्ड रॉड येतो. हा रॉड एक्सलला बाजूला धरून ठेवते. गाडी उचलली की रॉड जास्त उभा होतो अन् एक्सल एका बाजूला ओढला जातो. समजा रॉड ८५० मिमीचा, आधी दोन टोकांत ८० मिमीचा फरक, ५० मिमी लिफ्टनंतर १३० झाला, तर एक्सल जवळपास ६ मिमी सरकला. सहा मिमी फार नाही, पण पुढे अन् मागे वेगवेगळ्या दिशेला सरकले तर गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड टाकला की हे जाते.

खरी गोम मात्र वेगळी आहे. ड्रॅग लिंक अन् पुढचा पॅनहार्ड हे दोघं समांतर असायला पाहिजे. समांतर असले की दोघं एकाच कमानीत फिरतात अन् खड्ड्यात स्टीअरिंग हलत नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून फक्त पिटमन आर्म खाली घेतला अन् पॅनहार्ड तसाच ठेवला की समांतरपणा गेला, आधी नव्हता तेवढा झटका आता येते. समोरून गाडीखाली बघा, दोन्ही रॉड एकाच तिरपेपणात दिसतात का? दिसत असतील तर पिटमन आर्मला हात लावू नका, लिफ्ट दोन इंच असली तरी.

जिम्नीचा कास्टर रेडियस आर्ममुळे (एक्सलला चेसिसशी जोडणारा लांब हात) जातो, तिथे पाचर नसते, आर्मच्या बुशमधे भोक मधोमध नसलेले कास्टर बुश टाकतात. बुश प्रेस करताना खुणेची दिशा चुकली तर कास्टर अजून कमी होते, म्हणून प्रेसवाल्याच्या बाजूला स्वतः उभे राहा.

पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या गाड्या

२०२० नंतरची थार, तिच्या आधीची टॉर्शन बारवाली (पिळणारा बार स्प्रिंगचं काम करते ती) सीआरडीई थार, ह्यांच्यात पुढचं प्रत्येक चाक वेगळं हलते, म्हणून ह्यांना वरचं अर्धं लागू होत नाही. इथे लिफ्टमुळे टो अन् कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर झुकाव) खरंच बिघडतात, काऊन की टाय रॉड स्टीअरिंग रॅकपासून चाकाकडे जातो अन् गाडी उचलली की तो तिरपा होतो. टॉर्शन बार कसून पुढचा भाग उचलला की चाक आधीच खाली लटकलेलं असते, खाली जायला जागा उरत नाही, बॉल जॉइंट अन् शाफ्टचे सीव्ही जॉइंट शेवटच्या टोकावर काम करतात, त्यांच्यावरचे रबरी बूट फाटतात. दोन इंचाच्या वर जायचं असेल तर वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, फक्त स्पेसर टाकून भागत नाही. माझं मत विचाराल तर इंडिपेंडंट गाडीत दीड इंचावर थांबा.

रिम अन् टायर

कास्टर, लिंक सगळं बरोबर आहे तरी गाडी रोडच्या खाचेत ओढते, ब्रेकला स्टीअरिंग हातातून जाते, तर रिमकडे बघा. बाहेर निघालेले रुंद रिम किंवा स्पेसर टाकले की टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून बाहेर जातो, मग प्रत्येक खड्डा थेट हाताला लागते. त्याला कोणतीच पाचर औषध नाही.

टायरवर तळहात फिरवा, बाहेरून आत अन् आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत अन् दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टो चुकलाय. हवा थंड टायरमधेच तपासा, नागपूरच्या मे महिन्यात दुपारी चारला तपासलेली हवा काही कामाची नाही.

शेवटी टो

सगळं झाल्यावर टो. दोन्ही टायरच्या मधोमध खडूने रेघ मारा, एक्सलच्या उंचीवर पुढून अन् मागून टेपने अंतर घ्या. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिमी कमी पाहिजे, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे आकडा असेल तर तोच धरा. मग स्टीअरिंग व्हील सरळ करा. टो आधी अन् कास्टर नंतर केला तर टो परत करावा लागते, पैसे दोनदा.

चालवून बघताना एकाच बाजूच्या लेनवर निर्णय घेऊ नका, रोडला पाणी वाहायला उतार असते, गाडी थोडी डावीकडे जाणारच. आउटर रिंग रोडवर जाताना अन् येताना दोन्ही बघा. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे म्हणून मड टेरेन टायरवरची जिप्सी १२० ला न्यायची असं नाही. अन् मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतले बदल हा आरटीओचा विषय आहे, इन्शुरन्सवालाही अपघातानंतर हेच काढते, ते करायच्या आधी माहिती असू द्या.

नवे पाटे किंवा स्प्रिंग टाकले की ते काही शे किलोमीटरात थोडे बसतात, उंची बदलते, त्याच्यासोबत कास्टर अन् ड्रॅग लिंकही. "परत तेच" मधला निम्मा भाग हाच असते, पहिल्या दिवशी केलेलं अलाइनमेंट बसलेल्या पाट्यांवर लागू होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कामचलाऊ करा, पाटे बसू द्या, मग फायनल करा अन् ती प्रिंट डॅशबोर्डच्या खणात ठेवा. यू-बोल्टचे नट शंभर किलोमीटरनंतर परत कसा, अन् कसल्यावर नट अन् प्लेटवर पांढऱ्या पेंटची एक सलग रेघ मारा, पुढे गाडी सर्व्हिसला गेली की वाकून बघायचं, रेघ तुटली असेल तर नट हललाय, तो आधी कसा, मग बाकीचं शोधा.